प्लांटेड टँकचा फिल्टर आणि सीओटू: दोन्ही एकत्रच ठरवा

सोड्याची बाटली उघडी ठेवली की तासाभरात तिचा चरचरीतपणा जातो. तोच सोडा एका पेल्यातून दुसऱ्यात चार-पाच वेळा ओतला, तर दोन मिनिटांतच त्याचं साधं पाणी होतं. प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेल्या माशांच्या टाकीसाठी, फिल्टर आणि झाडांना द्यायचा सीओटू (कार्बन डायऑक्साईड गॅस) निवडताना जे समजून घ्यायचं, त्यातलं अर्धं या पेल्यात आहे. आपण पाण्यात गॅस विरघळवत असतो आणि पाण्याचा वरचा थर जितका खळबळेल, तितका तो गॅस हवेत परत जातो.

तरी या दोन वस्तू बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या लोकांच्या सल्ल्याने घरात येतात. आधी टँकबरोबर फिल्टर येतो, तोही भरपूर बुडबुडे सोडणारा, कारण बुडबुडे दिसले की मासे सुखात आहेत असं वाटतं. वर्षभराने झाडांची ओढ लागते आणि सीओटूचा संच येतो. मग एकीकडून गॅस आत सोडायचा आणि दुसरीकडून फिल्टरने तो बाहेर काढायचा, असं दिवसभर चालू राहतं. सिलिंडर लवकर संपतो, झाडं होती तशीच राहतात, काचेवर शेवाळ वाढतं. नागपुरात माझे दोन प्लांटेड टँक आहेत, एक गॅसचा आणि एक बिनगॅसचा. आता कुणी विचारायला आलं की मी आधी एकच गोष्ट सांगतो: फिल्टर आणि गॅस ही एकच खरेदी आहे असं समजा.

झाडांना गॅस वेगळा का द्यावा लागतो

हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश तापमानाला लिटरमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साईड असतो. माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे टँकमध्ये तो दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत जातो. गॅस देणारे लोक तो २० ते ३० मिलिग्रॅमवर ठेवतात. म्हणजे हा फरक कमीत कमी सात-आठ पटींचा झाला.

पाण्यात गॅस असला तरी तो पानापर्यंत पोहोचायला हवा. हवेच्या तुलनेत पाण्यात हा गॅस सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. प्रत्येक पानाभोवती पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. त्या थरातला गॅस पान वापरून टाकतं आणि नवा येईपर्यंत अडून बसतं. पाणी वाहतं असेल तर तो थर पातळ होतो. म्हणून प्लांटेड टँकमध्ये फिल्टरचं मोठं काम म्हणजे पानापर्यंत खाणं पोहोचवणं. सफाई हे त्याचं दुसरं काम.

आपण टँकमध्ये लावतो ती बरीच झाडं मुळात पूर्ण पाण्यातली नसतात, पाणथळ जागेतली असतात. रोटाला, अनुबियास आणि क्रिप्टोकोराईनच्या कित्येक जाती पावसात बुडतात आणि पाणी ओसरलं की पानं उघड्यावर काढतात. कोकण-गोव्यातल्या ओढ्यांच्या काठाला क्रिप्टोकोराईन कॉग्नाटा अशीच वाढते. उघड्यावर तिला हवेतला गॅस सहज मिळतो. टँकमध्ये मात्र तिला बाराही महिने बुडवून ठेवलेलं असतं.

याउलट हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया ही खरी पाण्यातली झाडं. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही ती कार्बन काढून घेतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि त्या पाण्यात व्हॅलिसनेरिया कुठल्याही गॅसशिवाय लांबच लांब पट्ट्या काढते. अशा पाण्याचा आणि अशा झाडांचा टँक असेल, तर सीओटूवर पैसे घालायचं काहीच कारण नाही.

लाईट किती, यावर सगळं ठरतं

गॅस हवा की नको, हे टँकच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही, लाईटवरून ठरतं. लाईट जितका प्रखर, तितका झाडाला कामाचा रेटा जास्त आणि तितकी कार्बनची मागणी मोठी. मागणी पुरी झाली नाही की झाड थांबतं, आणि उरलेल्या उजेडाचा फायदा शेवाळ घेतं. शेवाळ वाढलं की लोक खत कमी करतात, पाणी बदलतात, औषध टाकतात. मी आधी लाईट सहा तासांवर आणायला सांगतो. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मंद लाईट, अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोराईन आणि थोडे मासे एवढंच हवं असेल, तर गॅस घेऊ नका. त्या टँकची वाढ सावकाश असते, पण तो सुंदर असतो आणि चूक सहन करतो. तळाला मोंटे कार्लो किंवा क्युबा या बुटक्या झाडांचा दाट गालिचा हवा असेल, रोटाला मॅक्रँड्रा लालभडक हवा असेल, तर प्रखर लाईट लागेल आणि त्याच्याबरोबर गॅस लागेलच. मधला रस्ता काढायला गेलं, म्हणजे लाईट प्रखर आणि गॅस नाही किंवा कधीतरी, तर शेवाळच हाती लागतं.

फिल्टर

फिल्टरमध्ये काय घडतं ते थोडक्यात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. तो माशांना विषारी. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर घर करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. झाडं तर अमोनिया थेटही घेतात, म्हणून दाट लागवडीच्या टँकमध्ये अर्धं गाळणीचं काम झाडंच करतात. तिथे रिंगांचा ढीग लावण्यापेक्षा पाणी नीट फिरतंय का हे पाहणं जास्त मोलाचं.

स्पंज फिल्टर एअर पंपावर चालतो. स्वस्त, टिकाऊ, झिंग्यांच्या पिल्लांना सुरक्षित. बिनगॅसच्या टँकसाठी माझी पहिली पसंती हाच. तिथे त्याचे बुडबुडे उपकारकच ठरतात, कारण पाण्यातला गॅस हवेतल्या पातळीच्या खाली गेला की हेच खळबळणं बाहेरचा गॅस थोडा आत आणतं. गॅसच्या टँकमध्ये मात्र दिवसा स्पंज फिल्टर चालवणं म्हणजे सोडा पेल्यातून पेल्यात ओतत राहणं.

आपल्याकडच्या तयार टँकवर झाकणात बसवलेला टॉप फिल्टर फार दिसतो. पाणी वर ओढून स्पंजवरून खाली सोडतो. साफ करायला याच्याइतका सोपा फिल्टर नाही, पण ती धार उंचावरून पडते आणि गॅस उडवते. टँकच्या काचेला बाहेरून अडकवायच्या हँगऑन फिल्टरचंही तेच, पण त्यावर उपाय आहे: टँकमधली पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत भरलेली ठेवा, म्हणजे पाणी पडत नाही, सरकत आत येतं. उन्हाळ्यात पाणी रोज उडतं, म्हणून रोज भर घालावी लागते. एवढी शिस्त असेल तर दोन फुटी टँकला हँगऑन उत्तम चालतो. तळाच्या खडीखाली बसणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर मुळांच्या टँकमध्ये नकोच. मुळं आणि गाळ मिळून तो तुंबतो, आणि काढायचा तर सगळी बाग उपटावी लागते.

गॅस ठरला असेल आणि टँक तीन फुटांचा किंवा मोठा असेल, तर कॅनिस्टर घ्या. तो बंद डबा असतो. पाणी हवेला न लागता आत फिरतं आणि पाईपने परत येतं, त्यामुळे गॅस वाटेत गळत नाही. पाणी टँकच्या एका टोकाला सोडून त्याच बाजूने खालून ओढलं, तर पूर्ण टँकमध्ये गोल प्रवाह तयार होतो. कोपऱ्यातलं पानही हलकेच डोलायला हवं. पान अजिबात हलत नसेल तर तिथे गॅस पोहोचत नाही, आणि शेवाळ नेमकं तिथूनच सुरू होतं.

प्रवाह किती हवा? टँकमधलं पाणी तासाला पाच ते दहा वेळा फिरावं हा रूढ हिशेब. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये ५६ लिटर मावतात, खडी-माती वजा जाता ४५ धरा. म्हणजे तासाला २२५ ते ४५० लिटर. पण खोक्यावर छापलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज-रिंगा भरल्या, खालून वर पाणी चढवलं, महिनाभराचा गाळ बसला की तो बराच खाली येतो. म्हणून थोडा मोठाच घ्यावा आणि गरज पडली तर नळीचं तोंड काचेकडे वळवावं.

ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम ठेवायची गरज नसते. औषध दिल्यानंतर पाणी स्वच्छ करायला ती कामाची. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ती सहा आठवड्यांची वसाहत मरते. टँकमधलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळा, तेही एका वेळी अर्धाच.

वीज गेली की

परदेशी माहितीत हा भाग फारसा सापडत नाही, आपल्याकडे तो टाळता येत नाही. कॅनिस्टर बंद पडला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणू संपवून टाकतात आणि मग स्वतःच मरू लागतात. तास-दोन तास चालून जातात. रात्रभर वीज नसेल, तर सकाळी कॅनिस्टर तसाच सुरू करू नका, कारण आतलं सडकं पाणी थेट माशांवर जातं. आधी डबा उघडा, पाणी ओता, स्पंज टँकच्या पाण्यात हलकेच धुवा आणि मग चालू करा. माझा कॅनिस्टर इन्व्हर्टरवर आहे, टँकचा लाईट नाही. तो दोन तास बंद राहिला तर झाडांना काही होत नाही.

एअर पंप टँकपेक्षा खाली ठेवला असेल, तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. दहा-वीस रुपयांत मिळणारा चेक व्हॉल्व्ह ते थांबवतो. गॅसच्या नळीतही तो हवाच.

टायमरचं मला महागात पडलं. माझा लाईट बॅटरीवाल्या डिजिटल टायमरवर होता आणि गॅस चकतीच्या साध्या टायमरवर. वीज गेली की चकती थांबते आणि आली की तिथूनच पुढे फिरते. एका पावसाळ्यात रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या खोळंब्याने आठवड्याभरात गॅस जवळजवळ चार तास मागे पडला. लाईट संध्याकाळी बंद होत होता आणि गॅस रात्रीपर्यंत चालू राहत होता. एका रात्री सगळे टेट्रा मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकताना दिसले. आता दोन्ही एकाच जातीच्या डिजिटल टायमरवर आहेत, आणि वीज गेली त्या दिवशी मी वेळ तपासतो.

गॅस कुठून आणायचा

सर्वांत स्वस्त प्रकार साखर आणि यीस्टचा. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड बनवतं. बाटलीत साखरपाणी, चिमूटभर यीस्ट, झाकणातून नळी. दोन-तीन आठवडे चालतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर संपतं. दोष असा की ते बंद करता येत नाही. रात्री झाडं गॅस घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटली तशीच चालू असते. म्हणून यीस्टच्या टँकमध्ये रात्री एअर पंप लावावाच लागतो. शिवाय सुरुवातीला जोर, शेवटी काहीच नाही, असा त्याचा चढउतार असतो. शिकायला चांगला, भरवशाला नाही.

दुसरा प्रकार लिंबूफूल आणि खाण्याचा सोडा. दोन बाटल्या, तयार मिळणारं झाकण-नळ्यांचं जोडकाम, एका बाजूला २०० ग्रॅम सायट्रिक आम्लाचं पाणी, दुसऱ्या बाजूला २०० ग्रॅम सोडा. रसायनाच्या हिशेबाने यातून साधारण १०० ग्रॅम गॅस निघतो. लहान टँकला तो दोन-तीन आठवडे पुरतो. याला नीडल व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे बुडबुडे मोजून सोडता येतात. बाटल्या मात्र कोल्ड्रिंकच्याच घ्या. पाण्याच्या पातळ बाटल्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, त्या फुटतात.

बाजारात ‘लिक्विड कार्बन’ म्हणूनही बाटली मिळते. त्यातल्या बहुतेकांत ग्लुटारअल्डिहाइड असतं, जे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. शेवाळ मारायला त्याचा उपयोग होतो. गॅसची जागा ते घेत नाही, आणि व्हॅलिसनेरिया त्याने विरघळते.

तिसरा आणि खरा मार्ग सिलिंडर. सुरुवातीला खर्च जास्त, पण रोजचा गॅस स्वस्त आणि हातात राहणारा. सिलिंडरवर रेग्युलेटर, त्यावर वीज गेली की बंद होणारा सोलेनॉईड व्हॉल्व्ह, मग नीडल व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायचा बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह आणि टँकमध्ये गॅसचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्युझर. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून हा गॅस झिरपतो, पॉलियुरेथेनची घ्या. पैसे वाचवायचे तर डिफ्युझरमध्ये वाचवा, रेग्युलेटरमध्ये नको. सिलिंडर संपत आला की साध्या रेग्युलेटरचा बाहेरचा दाब एकदम वाढू शकतो आणि उरलेला सगळा गॅस एका रात्रीत टँकमध्ये उतरतो. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर यापासून वाचवतो.

सिलिंडरमध्ये हा गॅस द्रवरूपात असतो, म्हणून शेवटचा थेंब संपेपर्यंत गेजचा काटा हलत नाही, २० अंशांना साधारण ५७ बार दाबावरच उभा. किती उरला हे काट्यावरून कळत नाही, वजनावरून कळतं. घरच्या गॅसच्या टाकीसारखंच. सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन लिहून ठेवा आणि महिन्याला एकदा वजनकाट्यावर ठेवा.

आता विदर्भाची गोष्ट. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साईड द्रव राहतच नाही, कितीही दाबला तरी. त्यापुढे प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो. अशा वेळी गच्चीत, गॅलरीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या भरलेल्या सिलिंडरचा दाब १०० बारच्या पुढे सहज जातो. दाब फार वाढला तर फुटून गॅस सोडणारी सुरक्षा चकती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये असते, पण तिच्यावर भरवसा ठेवून उन्हात ठेवायचं नाही. घरातली सर्वांत थंड, हवेशीर जागा बघा, सिलिंडर उभा ठेवा आणि साखळीने बांधा.

भरून घ्यायला आपल्याकडे बहुतेक जण अग्निशामक यंत्रं भरणाऱ्या किंवा वेल्डिंगचा गॅस विकणाऱ्या दुकानात जातात. तिथे कुणी जुनं अग्निशामक यंत्रच सिलिंडर म्हणून देऊ केलं, तर आतली लांब नळी काढली आहे का ते विचारा. आगीवर द्रव फेकायचा असतो म्हणून ती नळी तळापर्यंत जाते. ती राहिली तर रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव शिरतो. सिलिंडरवर दाब-चाचणीची तारीख कोरलेली असते, तीही पाहा. देशातल्या अशा सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. चाचणी उलटून गेलेला सिलिंडर कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नका.

आणखी एक हिशेब करून ठेवा. पाच किलो गॅस मोकळा झाला तर त्याचे जवळजवळ २८०० लिटर होतात. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत २८,३०० लिटर हवा असते. म्हणजे बंद खोलीत गळती झाली तर हवेतला दहावा हिस्सा हाच गॅस. त्यात माणूस बेशुद्ध पडतो. झोपायच्या खोलीत पाच किलोचा सिलिंडर ठेवू नका.

किती सोडायचा

‘सेकंदाला एक बुडबुडा’ हा सल्ला दुसऱ्याच्या टँकचा असतो. बुडबुड्याचा आकार, डिफ्युझर, पृष्ठभागाची हालचाल, सगळं वेगळं. टँकमध्ये ड्रॉप चेकर लावा, म्हणजे पाण्यातल्या गॅसप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी कुपी. त्यातलं ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) द्रावण निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर साधारण ३० मिलिग्रॅम, पिवळं म्हणजे धोका. तो दोन तास मागचं सांगतो, हे लक्षात ठेवून व्हॉल्व्ह जरा जरा फिरवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पीएच मोजत असाल तर आणखी सोपी खूण आहे: टँकचं पाणी पेल्यात एक दिवस उघडं ठेवून त्याचा पीएच पाहा. गॅस चालू असताना टँकचा पीएच त्याहून एक अंकाने खाली असेल, तर बहुतेक टँकांत गॅस योग्य आहे.

लाईट लागण्याआधी दीड-दोन तास गॅस सुरू करावा आणि लाईट बंद होण्याच्या तासभर आधी थांबवावा. रोज तोच वेळ, तेवढाच गॅस. झाडं कमी गॅसशी जुळवून घेतात, पण आज जास्त आणि उद्या कमी हे त्यांना सोसत नाही.

मासे वर येऊन धापा टाकू लागले, झिंगे उड्या मारू लागले, तर गॅस बंद करा आणि लगेच एअर पंप लावा. पृष्ठभाग खळबळला की गॅस उडतो, आणि बहुतेक मासे अर्ध्या तासात सावरतात. पाण्यात ऑक्सिजन असूनही हे होतं. बाहेरच्या पाण्यातच गॅस जास्त असला की माशाच्या रक्तातला गॅस कल्ल्यांतून बाहेर पडत नाही.

उन्हाळ्यात तर दोन्हीकडून कोंडी होते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि त्याच वेळी माशांचं श्वसन वाढलेलं असतं. म्हणून एप्रिलपासून मी कॅनिस्टरची नळी थोडी वर उचलतो, पृष्ठभागावर बारीक लहरी येऊ देतो आणि ड्रॉप चेकर निळसर हिरव्यावर ठेवतो. वाढ मंदावते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला, टँकचं पाणी २८ अंशांच्या खाली आलं की नळी परत खाली घेतो.